तेरला पोचलेली थाप

मामा, वादात हरायची वेळ आली की उठून म्हशीकडं जायचं, ही तुमची जुनी खोड. या वेळी मात्र हरले मी, आणि नेमकं ते बघायला तुम्ही थांबला नाहीत. म्हणून लिहून ठेवते: तुम्ही बरोबर होता. सात महिने मी तुमच्याशी तावातावानं भांडले आणि सातही महिने मीच चुकत होते. हे मला कळलं तुमच्या दहाव्याच्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना. रडू येण्याच्या आधी मला हसूच फुटलं. मामी म्हणाली, "हिला आता काय झालं?"

वाचणाऱ्यांना आपली ओळख करून द्यायला हवी, तेवढं बोलू द्या. तुम्ही कळंबच्या बाजारात तीस वर्षं रेडिओ-टेप दुरुस्त केलेत. मी तुमची भाची, पुण्यात सॉफ्टवेअर लिहिणारी आणि आता घरून काम असल्यानं वर्षातले निम्मे दिवस तुमच्या रानातल्या घरी पडीक असणारी. दुकान बंद करून तुम्ही येरमाळ्याच्या पुढं डोंगराच्या अंगाला राहायला आलात, तेव्हा सोबत एकच यंत्र आणलंत: हौशी रेडिओवाल्यांचा संच, सरकारी परवान्याचा, स्वतःच्या हातानं जुळवलेला. कडुनिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तांब्याची तार ताणलेली. रोज सकाळी चहा झाला की तुम्ही मोर्सच्या पितळी कळीवर बोट ठेवायचात, कडकट्ट कडकट्ट, आणि तिकडं तेर गावात तुमचे मित्र कान लावून बसायचे. ते शाळेतून निवृत्त झालेले, म्हणून आपण सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. बोलणं काय, तर चहा झाला, हरभरा बरा आहे, इकडं धुकं आहे. मामी म्हणायची, एवढ्यासाठी फोन आहे की. तुम्ही म्हणायचात, "फोन कुणीबी करतंय."

तुम्ही मेंढरांच्या घरातले. आजोबा सकाळी वाघर, म्हणजे मेंढरांचं जाळीचं कुंपण, उघडायचे आणि बाहेर पडणाऱ्या एकेका मेंढराच्या पाठीवर थाप मारायचे. तुम्ही मेंढरं सोडून रेडिओ धरलात, पण थाप सुटली नाही. दुरुस्त झालेला रेडिओ गिऱ्हाइकाला देताना त्याच्या पाठीवर एक थाप. सुटी संपवून मी निघाले की येरमाळ्याच्या स्टँडवर माझ्या पाठीवर एक, तीही चांगली सणसणीत. मी चिडायचे, "मी काय मेंढरू आहे का?" तुम्ही म्हणायचात, "व्हय. जा आता."

मग तुमचा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या, आणि तुम्ही घरात जाहीर केलंत की सेट बिघडलाय. त्यावर मामीचा जुना टॉवेल टाकलात आणि बाहेर बाजेवर जाऊन बसलात. उभ्या तालुक्याचे रेडिओ दुरुस्त केलेला माणूस स्वतःचा सेट बिघडला म्हणून गप्प बसतो, हे मला पटेना. तुम्ही दवाखान्यात गेला असताना मी टॉवेल काढला, बटण दाबलं. सेट ठणठणीत होता. संध्याकाळी तेवढंच म्हणाले, "मामा, सेट चालू आहे." तुम्ही दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत.

बोललात ते असं: "गुरुजीनं चार वेळा इचारलं, कोण बोलतंय म्हणून. मला इचारलं. पस्तीस सालं झाली रोज बोलायलोय आमी."

कळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो, आणि ऐकणारा त्यावरून माणूस ओळखतो, हे मी तुमच्याकडूनच शिकले. टिंब किती आखूड, रेघ किती लांब, मध्ये श्वास कुठं. तुमच्या थरथरीनं एका टिंबाची तीन टिंबं होत होती. गुरुजींना शब्द लागत नव्हता, पण त्याहून वाईट म्हणजे तुम्ही लागत नव्हता.

मी शहाणपणानं लॅपटॉप पुढं सरकवला. म्हटलं, इथं टाईप करा, बाकी मोर्स संगणक करेल, एकही टिंब चुकणार नाही. तुम्ही त्या कीबोर्डकडं बघितलंत, शेजाऱ्याची म्हैस आपल्या गोठ्यात बांधल्यासारखं. "ह्येच्यानं चिठ्ठी पोचंल, पोरी. माणूस न्हाय पोचायचा."

तिथून माझं काम सुरू झालं. पूर्वी रेडिओत जे कॉइल आणि व्हॉल्व्ह करायचे, ते आता संगणकात लिहिलेले छोटे छोटे ब्लॉक करतात. एका ब्लॉकातून निघालेले आकडे दुसऱ्यात शिरतात आणि शेवटी तारेवर जातात. सुरावर निरोप चढवणारा ब्लॉक, ज्याला आम्ही मॉड्युलेशन म्हणतो, तो तयार मिळतो. पण त्या तयार ब्लॉकांना प्रत्येक ठोका एकाच मापाचा लागतो. तुमच्या हाताला माप कसलं? म्हणून स्वतःचाच ब्लॉक लिहायचा ठरवलं. तुमची पितळी कळ सरळ लॅपटॉपला जोडायची. बोट खाली असेल तर उंच सूर, बोट वर असेल तर खालचा सूर, म्हणजे कान मंद झालेल्या गुरुजींना आवाज कधी तुटल्यासारखा वाटणार नाही. आणि ठरावीक वेळेपेक्षा छोटा स्पर्श आला तर तो कंप समजून गाळून टाकायचा. ही शेवटची अट मी फार हुशारीनं घातली होती. ती लक्षात ठेवा, तिच्याकडं पुन्हा यायचं आहे.

ब्लॉक चालला, सूर निघाला, पण सुरात टकटक. तुमचा जुना रिसीव्हर शेजारी लावून ऐकलं तरी टकटक. स्क्रीनवर उभ्या रेघाच रेघा. मी एक मिनिट विचार केला आणि गुन्हेगार पकडला: शेजारच्या रानातल्या बबरूअण्णांचं झटका मशीन. त्यांच्या रानाला डुकरांसाठी विजेची तार आहे आणि असल्या तारेच्या झटक्याचा टक् आवाज रेडिओत येतो, हे इकडं कुणालाही ठाऊक आहे. मी तडक बांधावर गेले आणि इंजिनिअरच्या थाटात त्यांना मशीन बंद करायला लावलं. ते बिचारे म्हणाले, "ताई, भुईमूग ऐन भरात हाय." मी म्हटलं, दोनच दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या रानात नांगर फिरवल्यासारखी माती उलटीपालटी झाली होती. निम्मा भुईमूग डुकरांनी नेला. आणि टकटक होती तशीच.

मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. तुम्ही थरथरत्या हातात काठी धरून बांधापर्यंत गेलात, अण्णांपाशी बराच वेळ उकिडवे बसलात. काय बोललात कोण जाणे, पण परत येताना अण्णा तुमच्या मागं हसत होते. मग तुम्ही रिसीव्हरपाशी बसून डोळे मिटलेत.

"झटका सेकंदाला एक पडतोय. घड्याळ लावून बघ," तुम्ही म्हणालात. "ह्यो कवा दोन, कवा पाच. ह्यो भायेरचा न्हाय. तुझ्या यंत्रातलाच हाय."

"माझ्या कोडमध्ये चूक नाही, मामा. मी तीनदा तपासलंय."

"मला तुझं कोड कळत न्हाय. मला ऐकू येतंय. सूर थोडा चालायलाय, तुटायलाय, आन् पुन्हा पहिल्यापासनं उठायलाय. मागं कुठं सोडलं त्येच त्याला आठवंना. माझी आजी सूत कातताना तुटलेलं टोक आधी हुडकायची, मग पुढं. तुझं यंत्र दर खेपंला नवं टोक काढायलंय."

मी फणकाऱ्यानं लॅपटॉप उघडला, तुम्हाला खोटं पाडायला. आणि तिथं ते होतं. संगणक सगळा सूर एका दमात मागत नाही, तुकड्या-तुकड्यानं मागतो. प्रत्येक तुकड्याला माझा ब्लॉक लाट शून्यापासून सुरू करत होता. आधीचा तुकडा लाटेच्या कोणत्या उंचीवर संपला, हे तो कुठंच जपून ठेवत नव्हता. दोन तुकड्यांच्या सांध्यावर लाट तुटायची, तीच टकटक. नवशिक्यानं पहिल्या आठवड्यात करावी अशी चूक. दोन ओळी बदलल्या, मागची लाट जिथं थांबली ती जागा ब्लॉकला लक्षात ठेवायला लावली, आणि सूर असा निघाला की मामी चूल सोडून बघायला आली. एवढ्या दोन ओळींसाठी तीन आठवडे आणि एका माणसाचा भुईमूग गेला. तुम्ही फक्त म्हणालात, "आता कसं!"

त्यानंतरची ती सकाळ मी मरेपर्यंत विसरणार नाही. येरमाळ्याच्या येडाई देवीची चैत्री यात्रा दोन दिवसांवर आलेली, रस्त्यावर गाड्यांची रीघ. तुम्ही अंघोळ करून, टोपी घालून सेटसमोर बसलात. टॉवेल तुम्ही स्वतः काढलात. हात असा हलत होता की कळ टेबलावर वाजत होती, पण स्पीकरमधून निघणारा सूर स्वच्छ. रोमन अक्षरांत मराठी, नेहमीसारखी: गुरुजी, मी भीमा, चहा झाला का.

मग काहीच नाही. नुसती खरखर. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. एवढे घाबरलेले तुम्ही मला कधी दिसला नव्हता. गुरुजी याही वेळी तुम्हाला ओळखू शकले नाहीत, तर तो टॉवेल पुन्हा कधीच निघणार नव्हता.

खरखरीतून कडकट्ट आलं. तुम्ही अक्षर अक्षर मोठ्यानं वाचत गेलात, आणि मध्येच तुमचा आवाज फाटला. "भीमराव... रेघा... अजून... लांबच... ओढतोस."

मामा, तुम्ही नाचलात! कंपवाताचा माणूस अंगणात नाचला. टोपी म्हशीच्या अंगावर पडली. "ऐकू गेलं! वळीखलं त्येनं मला! माझ्या रेघंवरनं वळीखलं!" मामीचे कणकेचे हात धरून तुम्ही तिलाही दोन गिरक्या मारायला लावल्यात, आणि ती "अहो, माणसं बघायलीत" म्हणत म्हणत फिरलीही. बबरूअण्णा बांधावरून धावत आले. सगळं समजून घेतल्यावर म्हणाले, "म्हंजी माझा भुईमूग कारणी लागला म्हणायचा." संध्याकाळी तुम्ही कुंथलगिरीचे पेढे मागवलेत आणि येरमाळ्याच्या स्टँडवर कंडक्टरपासून फुलवालीपर्यंत सगळ्यांना वाटत सुटलात. कशाचे पेढे विचारलं की सांगायचात, "माझा हात तेरला गेला." लोकांना वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला.

त्याच सकाळी, नाच झाल्यावर, आपलं भांडण सुरू झालं. तुम्ही पाणी प्यालात, लॅपटॉपकडं बघितलंत आणि म्हणालात, "शेवटचं गेलं न्हाय."

"सगळं गेलं की मामा. उत्तर आलं ना?"

"शब्द गेले. शेवटाला म्या दिलं, त्ये तुझ्या यंत्रानं खाल्लं."

मी नोंद काढून दाखवली. बोटाचा प्रत्येक स्पर्श लॅपटॉपमध्ये जसाच्या तसा साठत होता, गाळण्याच्या आधीचा. निरोप संपल्यावर एक अगदी बारका स्पर्श होता, आणि तो नियमाप्रमाणं गाळला गेला होता. "हा कंप आहे, मामा," मी म्हटलं.

"कंप मला कळतोय. त्यो माझ्या हातात ऱ्हातोय, तुझ्या न्हाय." आणि तुम्ही उठून म्हशीकडं गेलात.

सात महिने हेच. रोज सकाळी तेरशी बोलणं, चार-आठ दिवसांतून एकदा "खातंय तुझं यंत्र", आणि माझं स्क्रीनवर बोट ठेवून व्याख्यान. मी तुम्हाला आलेख काढून दाखवले. सरासरी दाखवली. ब्लॉक मी सगळ्यांसाठी मोफत खुला केला होता, आणि परदेशातल्या एका बाईंचं पत्र आलं की त्यांचे थरथरत्या हाताचे वडील त्यावर पुन्हा बोलू लागलेत, तेही मी माझा पुरावा म्हणून तुमच्यापुढं धरलं. तुम्हाला केवढा आनंद झाला! दोन दिवस तुम्ही त्या अनोळखी म्हाताऱ्याची चौकशी करत होता, त्याला म्हशी किती, थंडी किती. आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा, "पर शेवटचं त्येचंबी खात आसंल."

एवढ्या वादात मी एक गोष्ट केली नाही. "मग ते काय होतं, मामा?" असं मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. तुम्हाला त्यात सांगण्यासारखं काय वाटणार? माणूस निघताना जे करतो ते करतो.

दिवाळी झाली आणि एका दुपारी तुम्ही बाजेवर पडल्या पडल्या गेलात. सकाळी तुमचं तेरशी बोलणं झालेलं होतं.

दहाव्याला गुरुजी आले, दोन एसट्या बदलून, येरमाळ्यापासून रिक्षानं. तुमच्या सेटसमोरच्या खुर्चीत बसेनात, खाली सतरंजीवर बसले. मग मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाळ, एक खरं सांगशील? भीमराव माझ्यावर रागावला होता का?"

मी म्हटलं, "गुरुजी, असं का विचारताय?"

"आजारपणात मी त्याला चार वेळा कोण म्हणून विचारलं. ते लागलं असंल त्याला. पुन्हा बोलाया लागला, सगळं त्याचंच, रेघासुद्धा. पण निघताना थाप देईना. पस्तीस वर्षं बोलणं संपलं की एक बारीक टिंब द्यायचा. मोर्समध्ये त्याला काय बी अर्थ न्हाई. मेंढरं सोडताना मारतात न्हवं, तशी थाप, असं त्यानंच मला सांगितलं होतं. सात महिने थाप न्हाई. मी म्हटलं, असू दे, राग जाईल. विचारायची हिंमत झाली न्हाई."

तेव्हा मी हसले, मामा. मामीनं डोळे वटारले तरी हसले, आणि मग जे रडायला लागले ते थांबेना. सात महिने दोन म्हातारे एकाच थापेसाठी झुरत होते, आणि मध्ये मी माझे आलेख घेऊन बसले होते.

पण मी तुमची भाची आहे. तोंड धुतलं आणि लॅपटॉप उघडला. तुमचे सातही महिने त्यात होते, एक स्पर्श न गाळता. आता कुठं बघायचं ते माहीत असल्यावर पाच मिनिटं पुरली. कंपाचे स्पर्श घोळक्यानं येतात, शब्दाच्या अंगाला चिकटून. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी, चांगला एक श्वास थांबून, एकटाच एक बारका स्पर्श. एका दिवसाचाही अपवाद नाही. मी खात होते तरी तुम्ही देतच होता. ब्लॉकला नवा नियम लिहिला: लहान स्पर्श एकटा असेल, त्याच्या मागंपुढं शांतता असेल, तर त्याला हात लावायचा नाही, जाऊ द्यायचं. त्या नियमाला मी थाप हेच नाव दिलं. जगात कुणीही तो कोड उघडला तर त्याला हा शब्द वाचावा लागेल, आणि अर्थ हवा असेल तर मला विचारावा लागेल. मी सांगणार आहे, सगळं सांगणार आहे, भुईमुगासकट.

मग तुमच्या शेवटच्या सकाळची नोंद मी नव्या ब्लॉकमधून सोडली. तार काढून ठेवली होती, आवाज घरातल्याच स्पीकरवर. गेलेल्या माणसाच्या नावानं हवेत काही पाठवायचं नसतं, हा नियम तुमचाच. गुरुजींनी डोळे मिटले, ओठांनी अक्षरं जुळवत गेले. चहा झाला. ज्वारी पोटऱ्यात आली. उद्या बोलू. मग श्वासभर नुसता खालचा सूर. आणि एक टिंब.

गुरुजींनी हात वर केला, वर्गात हजेरी देतात तसा. "आली," ते म्हणाले. "आली बघ." बबरूअण्णा दारातून म्हणाले, "काय आलं?" तर गुरुजी लहान पोरासारखे ओरडले, "थाप आली भीमरावाची! रागावला न्हवता त्यो!" दहाव्याच्या घरात एवढा आनंद बरा नव्हे असं कुणीतरी पुटपुटलं. मामीनंच त्याला गप्प केलं. म्हणाली, "असू द्या. ह्यांस्नी आवडलं असतं."

काल सकाळी चहानंतर, दहाव्यानंतर सेटवर पुन्हा टाकलेला टॉवेल मी काढला. मागंच काढून ठेवलेल्या माझ्या परवान्यावर, माझ्या कॉल साईननं, म्हणजे रेडिओवरच्या ओळखनावानं, तुमच्या कळीवर तेरला हाक दिली. माझा हात अजून कच्चा आहे, गुरुजींना दोनदा विचारावं लागलं. मी पाठवलं: नीट पोचलात का, मी इथं चार दिवस आहे, मग पुण्याला जाते. आणि एक श्वास थांबून बोट टेकवलं. गेलं, मामा. आता काहीही खाल्लं जात नाही.

गुरुजींनी उत्तर दिलं: पोचलो, बरा आहे, तू जा कामाला, इकडची काळजी करू नको. वाटलं, संपलं. मी उठणार तेवढ्यात शांततेतून एक टिंब आलं. पस्तीस वर्षांत गुरुजींनी ते कधी दिलं नव्हतं. थाप देणारे तुम्ही, ते घेणारे. काल त्यांनी ती दिली.

मामा, ती सणसणीत माझ्या पाठीवर लागली.